भांगाखालची शीर

आत्याबाई,

तुमच्याशी भांडायची सवय अजून मोडलेली नाही. काल गोठ्यात गेले, तर कडब्याची पेंढी दाराशीच आडवी, आणि तोंडातून निघून गेलं, "कितीदा सांगितलं, पेंढ्या वाटेत टाकत जाऊ नका." म्हैस माझ्याकडे बघत राहिली. तुमचं तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आता घर अगदी गप्प झालंय. सासू-सुनेचा आवाज चढल्याशिवाय यांच्या घरात चूल पेटत नाही, असं सगळं पिंपळे सौदागर म्हणायचं. गाव खोटं बोलत नव्हतं.

गेलात तेही तुमच्याच पद्धतीनं, कुणाला न विचारता. धार काढून आलात, चरवी ओट्यावर ठेवलीत, खांबाला टेकून बसलात आणि झालं. तुमच्या लेकाला पहिल्या शिफ्टवरून बोलावून आणेपर्यंत तुमचे हात गार पडले होते. मी ते चोळत बसले होते. कुणीतरी म्हणालं, "सुमन, आता चोळून काय उपयोग?" उपयोग व्हावा म्हणून मी चोळतच नव्हते. पण ते कुणाला सांगत बसणार?

तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारे पुष्कळ आहेत, ते बोलतील. आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं आहे, पाण्याचं. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं: "सुमन, माझं चुकलं." इतकी वर्षं मी त्याची वाट पाहिली. कधी रुसून पाहिली, कधी टोमणे मारून, कधी अगदी गोड बोलून. तुम्ही दाद दिली नाहीत. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. एकदा तरी मधे न बोलता ऐका.

धाकट्याच्या वेळी माझ्या माहेरी, तिकडे चाकणला, वहिनीचंही बाळंतपण होतं. तुम्हीच म्हणालात, "हितंच करू. मी काय मेले न्हाई अजून." थोरलीच्या वेळी थंडी होती, तहान कळलीसुद्धा नव्हती. धाकटा आला तो ऐन वैशाखात. मधल्या खोलीची खिडकी तुम्ही गोणपाटानं बंद केलीत. बाजेखाली शेगडी, कानात कापूस, डोक्याला घट्ट फडकं, वर सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी. बाहेर कुत्री विहिरीजवळच्या ओल्या मातीत जाऊन पडत होती आणि मी आत शेकत होते.

ऐकणाऱ्याला वाटेल, सासूनं छळ केला. कुणी तसं म्हटलं तर आजही मी त्याच्या अंगावर जाईन. तुम्ही पहाटे उठून माझं अंग रगडायचात. माझ्या आईनंही कधी एवढ्या मायेनं रगडलं नसेल. अळीव, डिंक, खोबरं, सुंठ, सगळं तुम्ही पिंपरीच्या बाजारातून निवडून आणलं होतंत. लोणकढं तूप वाढताना तुमचा हात कधी आखडला नाही. तो आखडायचा फक्त पाण्याला. सकाळी अर्धा पेला, तोही ओवा घालून उकळलेला, आणि संध्याकाळी अर्धा. बाळंतीण पाणी प्याली की पोट सुटतं, अंग सुजतं, दुधातून बाळाला सर्दी होते, हे तुम्हाला तुमच्या सासूनं सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या सासूनं. या सांगण्यानं कुणी जिवानिशी गेली असेल, तर ती उलटून सांगायला मागे उरली नव्हती.

मी पाणी मागितलं की तुमचं उत्तर ठरलेलं, "दम काढ जरा. आमी बी काढलाय."

अंघोळीच्या वेळी बाळाच्या अंगावर तांब्या ओतलेला ऐकू आला की मी कोरडी जीभ ओठांवरून फिरवायचे. शेवटी मी तुमच्या लेकाला डोळ्यांनी खुणावलं. कंपनीत एवढी मोठी मशीन चालवणारा गडी, पाण्याचा तांब्या पाठीमागे लपवून मांजरासारखा खोलीत आला, आणि नेमक्या तुम्ही दारात. "तिचं पोट नगाऱ्यागत करायचंय व्हय रं तुला?" एवढंच म्हणालात. तो गेला आणि मोरीत तांब्या ओतून आला. त्या पाण्याचा आवाज मी ऐकला, आत्याबाई. त्या वेळी राग मला तुमच्यापेक्षा तुमच्या लेकाचा जास्त आला होता, हे तुम्हाला माहीत नसेल.

पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं, तेव्हा डोकं दुखायला लागलं. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, असं तुम्ही म्हणालात. मीही तसंच धरून चालले. पण ते दुखणं वेगळं होतं. आडवं पडलं की वाढायचं, खोकलं की आतून कुणी ढकलतंय असं वाटायचं, पहाटे उलटी व्हायची. तुम्हाला वाटलं, डोक्यात वारं शिरलं. फडकं आणखी आवळलंत, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून कपाळ शेकलंत, आणि वारं शिरलेल्या बाईला पाणी वाईट म्हणून तो अर्धा पेलाही निम्म्यावर आणलात. मग मला एकाच्या दोन दोन वस्तू दिसायला लागल्या. मी हसून म्हणाले, "आत्याबाई, दोन दोन दिसतंय." तुम्ही म्हणालात, "एक झेपत न्हाई तुला, दोन कशाला बघतीस?" आपण दोघीही हसलो होतो. नंतर कित्येक वर्षं या हसण्याची आठवण निघाली की तुम्ही उठून दुसरं काहीतरी काम काढायचात. मी बघितलं आहे.

रजियाभाभी दुपारची उंबऱ्यावर येऊन बसायची. आपल्या चाळीतली कडेची खोली तिची, भाडेकरू म्हणून आली आणि शेजारीण होऊन राहिली. नवरा हनीफभाई, पिंपरीत रस्त्यावरच त्याचं गॅरेज. तिचीही मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, त्यामुळे आमच्या गप्पा दुधाच्या आणि झोपेच्या. त्या दुपारी मी धाकट्याला उजव्या हातावर घेतलं आणि तो हातावरून घसरत मांडीवर आला. मी हात वर करायला गेले, तो वर येईना. रजियाभाभीनं ते पाहिलं. "आत्याबाई, हिच्या हाताला बघा, काही तरी झालंय," असं ती ओरडली. तिचा आवाज आणि खिडकीच्या गोणपाटातून येणारा उन्हाचा कवडसा, एवढंच मला आठवतं. पुढे मला झटके आले आणि शुद्ध गेली.

यापुढचं मी सांगते ते सगळं रजियाभाभीच्या तोंडून ऐकलेलं. तुम्ही त्यातलं अवाक्षरही मला कधी सांगितलं नाहीत.

झटके बघून आळीतल्या बायका जमल्या. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, विहिरीवरची आहे. तुम्ही मीठ-मोहऱ्या उतरवल्यात आणि झाडफूक करणाऱ्या जाणत्याला बोलवायला माणूस धाडलात. रजियाभाभी मात्र पायात चपला न घालता गॅरेजकडे पळत सुटली. हनीफभाई दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकाचा टेम्पो तसाच घेऊन आला. त्याचे ब्रेक अजून धड लागत नव्हते, असं तो नंतर हसत सांगायचा. जाणता आला तेव्हा मी टेम्पोत गोणपाटावर होते. तो म्हणाला, "उतरवा, हिला दवाखान्यात नेऊ नका." आणि तुम्ही त्याला म्हणालात, "तुमी हितंच बसा, काय करायचं ते हितनं करा. आमी जातो." जाणत्यालाही नाराज केलं नाहीत आणि टेम्पोही थांबवला नाहीत. असल्या बाबतीत तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तुमचा लेक कंपनीतून परस्पर आला. धाकटा भुकेनं रडत होता. रजियाभाभीनं स्वतःच्या मुलीला तुमच्या मांडीवर दिलं आणि त्याला पदराखाली घेतलं. तिच्या घरचा चहा तुम्ही तोवर कधी घेतला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही तिच्या मुलीला थोपटत बसलात. माझा धाकटा आजही तिला "दुसरी आई" म्हणतो आणि तिच्या शिरखुर्म्यावर पहिला हक्क सांगतो.

डॉक्टरांनी आधी बाळंतपणातले झटके धरले, पण रक्तदाब ठीक निघाला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते तांबूस आलं. मग मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडून डोक्याचे फोटो घेतले. मेंदूचे डॉक्टर ते फोटो खिडकीच्या उजेडात धरून तुमच्यासमोर उभे राहिले. तुमचा लेक बाकावर डोकं धरून बसला होता, म्हणून तुमच्यासमोर.

"आजी, इथं आपण भांग पाडतो ना, त्याच्या बरोबर खाली, कवटीच्या आत एक मोठी शीर असते," ते म्हणाले. "मेंदूला पुरवलेलं रक्त काम करून त्या शिरेतून खाली परत जातं. तुमच्या सुनेच्या फोटोत ती शीर दिसतच नाही. तिच्यात रक्ताची गाठ बसली आहे."

"म्हंजी पाट तुंबलाय," तुम्ही म्हणालात.

"हो, पाटच म्हणा. पुढं जायला वाट नाही, म्हणून रक्त मागे साठलंय. मेंदू सुजलाय. एका जागी थोडं रक्त फुटून बाहेरही आलंय."

मग त्यांनी इंजेक्शनचं सांगितलं. हेपॅरिन. रक्त गोठू न देणारं औषध, त्यानं गाठ वाढायची थांबते आणि शरीराला ती हळूहळू मोकळी करायला सवड मिळते. पण डोक्यात आधीच रक्त उतरलेलं. औषधानं ते वाढलं, तर बाई हातची जाणार. त्याच दवाखान्यातले दुसरे डॉक्टर देऊ नका म्हणत होते. अशा डोक्याला रक्त पातळ करायचं औषध म्हणजे आगीत तेल, असं त्यांचं मत. "मला स्वतःला वाटतं द्यावं," हे डॉक्टर म्हणाले. "पण खात्री मी देऊ शकत नाही. तुम्ही ठरवा."

तुमचा लेक मान वर न करता म्हणाला, "आईला विचारा."

रजियाभाभी सांगते, तुम्ही बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिलात. त्यात तुम्हाला काय कळलं असेल देव जाणे. पण भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्यात तुमचा जन्म गेला होता. तुम्ही विचारलंत, "पाट तुंबलेलाच ऱ्हायला, तर बांधातनं गळायचं थांबंल का, डॉक्टर?"

"नाही. वाढत जाईल."

"मग पाट मोकळा करा. काय बरं-वाईट झालं तर माझ्या माथी."

एवढं बोलून तुम्ही व्हरांड्याच्या टोकाला नळावर गेलात. रजियाभाभी मागे आली होती. तुम्ही नळ सोडलात, ते पाणी बघत उभ्या राहिलात, प्याला नाहीत, तोंडावर मारलं नाहीत, आणि नळ बंद करून परत आलात. मला वाटतं त्याच वेळी तुम्हाला सगळं कळलं होतं. इथं तुम्ही मधे बोलला असता, मला माहीत आहे. "उगा काय बी मनाचं घालू नगंस," असं म्हणाला असता.

एका हातातून सलाईन चालू होतं, दुसऱ्यातून ठरल्या वेळी हेपॅरिन. नर्स काचेच्या नळीत माझं रक्त घेऊन ते किती वेळात गोठतं हे बघत बसायची, आणि तिच्याबरोबर तुम्हीही. लवकर गोठलं तर औषध कमी पडतंय, गोठायला फारच वेळ लागला तर जास्त होतंय. अक्षरओळख नसलेल्या तुम्ही नर्सच्या चेहऱ्यावरून कमी-जास्त ओळखायला शिकलात. एकदा माझ्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा तुम्ही डॉक्टरांचा हातच धरलात म्हणे. त्यांनी औषध थोडं कमी केलं, बंद केलं नाही. सगळा वॉर्ड त्या काचेच्या नळीकडे डोळे लावून बसला होता, असं भाभी सांगते. ती थोडं वाढवून सांगते, हे आपण दोघीही जाणतो.

मला शुद्ध आली तेव्हाचं मात्र माझं स्वतःचं आहे. डोळे उघडले तर ओठांवर चमचा. पाणी. तुम्ही वाकून बसला होतात, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, एरवी कधी तसा येऊ द्यायचा नाहीत. आया मागून म्हणत होती, "पाजा, पाजा, जेवढं घेईल तेवढं पाजा." तुम्ही एकामागून एक चमचे घालत होतात. माझं तोंड भरून कडेनं ओघळत होतं तरी थांबत नव्हतात. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "पी."

घरी सोडताना डॉक्टरांनी आपल्याला दोघींना समोर बसवलं. मी त्यांना अडखळत विचारलं, हे कशानं झालं? ते म्हणाले, "पाण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. बाळंतपणानंतर रक्त तसंच लवकर गोठणारं असतं. पण त्यात अंगातलं पाणी आटलं की धोका वाढतो. बाळंतिणीचं पाणी कधी तोडू नये." डॉक्टर एकच बोलले आणि आपण दोघी अर्धं अर्धं वाटून घेऊन घरी आलो. पहिलं तुम्ही घेतलंत, दुसरं मी.

तिथून आपली लढाई सुरू झाली. मी म्हणायचे, "पाणी दिलं असतंत तर." तुम्ही म्हणायचात, "डॉक्टर काय म्हणले? छातीठोक सांगता येत न्हाई." मी म्हणायचे, "धोका वाढतो म्हणाले." तुम्ही म्हणायचात, "माझी पाच बाळातपणं झाली, मी काय घागरीनं पाणी प्याले? मी मेले का?" मग माझा पारा चढायचा. तुमचा लेक सायकल काढून कंपनीत निघून जायचा. ओव्हरटाइम नसला तरी जायचा, असा मला संशय आहे.

पण तेवढ्या भांडणात तुम्ही माझा उजवा हात सोडला नाहीत. रोज तेल लावून बोट न् बोट चोळायचात. भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात ठेवायचात आणि म्हणायचात, "डाव्यानं फोडल्यास तर जेवाय मिळायचं न्हाई." सुरुवातीला मला शब्द सापडायचे नाहीत. चूल म्हणायचं असायचं आणि तोंडातून बैल यायचा. आळीतल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. तुम्ही हसला नाहीत. मी बैल म्हटलं की मुकाट्यानं चुलीकडे बघायचात, म्हणजे मला कळावं की तुम्हाला कळलं. वर्षाच्या आत मी पुन्हा बालवाडी शिकवायला लागले, ती त्या शेंगांमुळे.

आणखी एक. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा दिवस जाऊ देणं धोक्याचं, आणि दिवस न जाण्याच्या गोळ्या तर त्याहून नकोत. मग उरलं ऑपरेशन. ते आणीबाणीचे दिवस कसे होते! नसबंदीची गाडी आली म्हटलं की बाप्ये उसात शिरायचे. तुमचा लेकही घाबरला. म्हणाला, बायका करतातच की. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "तिला आता सुरी लावायची न्हाई. तू जा." तो गेला. गावात तुमच्या नावानं काय काय बोललं गेलं! पोटच्या पोराला खच्ची केलं, म्हणाले लोक. तुम्ही मंडईत भाजी विकत बसायचात आणि कुणी तोंडावर बोललं की त्याला कोथिंबिरीची जुडी जास्तीची घालायचात. या गोष्टीबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. सासूचे आभार मानायची रीत आपल्यात नाही, म्हणून राहिलं. आता मानते.

मग तुमचा तो काढा निघाला.

कुणाच्या घरी बाळंतीण असली की तुम्ही निघायचात. बाळाला न्हाऊ घालायला तुम्हाला बोलावणं असायचंच. जाताना भली मोठी कळशी भरून घ्यायचात, त्यात चिमूटभर ओवा टाकून उकळी आणायचात आणि म्हणायचात, हा दवाखान्यातला काढा आहे, दिवसभरात कळशी रिकामी झाली पाहिजे. सांगवीपर्यंत तुमच्या काढ्याचं नाव झालं. मी एकदा कळशीत डोकावले. नुसतं पाणी! नावाला ओवा.

मी कपाळावर हात मारला. तुम्हाला म्हणाले, "अहो, सरळ सांगा ना पाणी द्या म्हणून. तुमच्या घरात काय झालं ते सांगा. बायका ऐकतील."

"खरं सांगितलं तर पाच जणी ऐकतील. काढा म्हटलं तर पन्नास पितील."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"व्हय. पाणी तर खरं हाय ना आत?"

गेल्या पाच-सहा वर्षांत हे भांडण आपण किती वेळा केलं! मला बालवाडीच्या बाईसारखं खरं हवं होतं. पण खरं सांगायचं तर, गावाला कळावं हा माझा हट्ट नव्हताच. गावाला सांगताना तरी ते वाक्य तुमच्या तोंडून निघेल आणि माझ्या कानावर पडेल, एवढीच आशा होती. तुम्ही ते ओळखून होतात आणि निसटत होतात. शेवटचं भांडण तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीचं. मी म्हणाले, "तुमच्या काढ्यानं सगळ्या गावाच्या सुना वाचतील, पण मला तुम्ही कधी न्याय द्यायच्या नाहीत." गोवऱ्या उचलल्यात आणि आत गेलात. मला वाटलं, जिंकले. तुम्हाला बोलता आलं नाही असं ते पहिल्यांदाच घडलं होतं.

आज दुपारी वरच्या आळीच्या कोंडाबाई आल्या होत्या. त्यांची सून बाळंत झाली आहे. सोयर म्हणून तुमच्या दिवसांत त्या येऊ शकल्या नाहीत, आता आल्या. माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं, आता काढा मागतील. आणि मी ठरवून टाकलं की हे खोटं माझ्यापाशी संपवायचं. त्यांना बसवलं आणि म्हणाले, "कोंडाबाई, तुम्हाला एक सांगते, रागावू नका. आत्याबाईंचा काढा म्हणजे औषध नव्हतं. साधं पाणी होतं."

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ते म्हाईत हाय की मला."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्या सासवांस्नी म्हाईत हाय. आत्याबाई आधी सासूला चुलीपाशी बोलवून सांगायच्या. मला बी सांगितलं, थोरल्या सुनंच्या येळंला. हात धरून म्हणल्या, कोंडे, म्या माझ्या सुनंला तान्हेली ठिवली. पोर पाणी पाणी करत व्हती आन् म्या तांब्या वतून द्यायला लावला. माझं चुकलं. मरणाच्या दारातनं आली ती. तू तसं करू नगंस." कोंडाबाईंनी नाक पुसलं. "रडायच्या सांगताना. परत्येक येळंला रडायच्या."

मी विचारलं, "मग काढा कशाला म्हणायचं?"

"ते तुझ्यापायी. म्हणायच्या, काढ्याच्या आडनं म्या हे सांगत फिरते, ते सुमनला कळाय नगं. तिच्या तोंडावर बोलायचं धाडस हुत न्हाई माझं. ती डोळं वटारून बघंल, मग मला जगू वाटायचं न्हाई. सांगीन म्हणायच्या एक दिस. तुमच्या गोठ्यात म्हशीपाशी बोलून बघायच्या म्हणं."

कोंडाबाई गेल्या. मी चहासुद्धा विचारला नाही, ते उद्या जाऊन सांगेन.

आत्याबाई, एवढ्या घरांत सांगितलंत, एवढ्या चुलींपाशी रडलात. तो मोरीत ओतलेला तांब्यासुद्धा तुमच्या लक्षात होता. सगळ्या गावाला माझा न्याय देऊन झाला होता आणि मी आदल्या दिवशी तुम्हाला काय बोलले! तुमचा लेक मघाशी दुसऱ्या शिफ्टवरून आला. मी त्याला हे सांगितलं, तर तो भिंतीकडे तोंड करून बसला आहे. त्यालाही माहीत होतं की काय, ते मी अजून विचारलेलं नाही. आज विचारणार नाही.

तुम्ही माझ्यासमोर बोलला असता तर मी काय केलं असतं, याचा दुपारपासून विचार करते आहे. मोठ्या मनानं लगेच पाया पडले असते, असं तुम्हाला सांगून फसवणार नाही. तुम्ही मला चांगल्या ओळखता. आधी मी कडाडून भांडले असते. इतकी वर्षं का नाही बोललात म्हणून दोन दिवस अबोला धरला असता. तुमचं ताट आदळून वाढलं असतं. मग तिसऱ्या दिवशी तुमच्या शेजारी शेंगा फोडायला येऊन बसले असते आणि ते म्हटलं असतं.

ते दोन दिवस आता आपल्याकडे नाहीत. म्हणून ते सोडून देऊन सांगते. असू दे, आत्याबाई.